फोन उचलण्यापुरतं इंग्रजी

गेल्या हिवाळ्यातली सकाळ. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला माझ्या नणंदेच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, स्वयंपाकघरात मी चहा घेत बसले होते. धाकट्याला ताप होता, म्हणून तो घरीच होता. साडेनऊच्या सुमाराला ओट्यावरचा मोबाइल थरथरायला लागला. पडद्यावर शाळेचं नाव. ताईंनी कणकेचे हात पुसले, फोनकडे पाहिलं आणि तो वाजून वाजून बंद होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तू कर ना गं त्यांना उलटा फोन. काय बोलतात ते मला कळतच नाही."

ताई कराडला मराठी माध्यमातून शिकल्या, बी.ए. झाल्या. शाळेतून आलेली इंग्रजी चिठ्ठी त्या सहज वाचतात. एका लोकप्रिय ॲपवर दोनशेहून जास्त दिवस, एकही दिवस न चुकवता, त्यांनी धडे केले होते. तरीही फोन उचलायची हिंमत होत नव्हती.

"एवढी ॲप्स आहेत, यूट्यूब आहे, सगळं फुकट आहे, मग आईला इंग्रजी का येत नाही?" हा प्रश्न परदेशातल्या मराठी घरांत मी अनेकदा ऐकला आहे. विचारणारा थोडा वैतागलेला असतो, आणि जिच्याबद्दल विचारलं जातं ती मान खाली घालून ऐकत असते. तिची त्यात काही चूक नसते. ऑनलाइन इंग्रजी शिकणं म्हणजे काय, ते कुठे उपयोगी पडतं आणि कुठे अडतं, हे तिच्या घरच्यांनीही समजून घ्यायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण कॅनडाचं घेते, कारण मी इथे राहते आणि इथली व्यवस्था जवळून पाहिली आहे.

हे वर्ग कुणासाठी असतात?

नव्याने आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी कॅनडाचं केंद्र सरकार १९९२ पासून एक कार्यक्रम चालवतं. त्याच्या लांबलचक नावातल्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'लिंक' म्हणतात. फी नाही. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असलेल्यांना आणि आश्रय मिळालेल्या निर्वासितांना यात प्रवेश मिळतो. नागरिकत्व घेतलं की हा हक्क संपतो. विद्यार्थी, तात्पुरत्या परवान्यावर काम करणारे आणि पाहुणे म्हणून आलेले यांना तो नसतोच.

आता एक गोष्ट पाहा. कुशल कामगारांसाठी केंद्राची जी मुख्य योजना आहे, तिच्यात अर्ज करणाऱ्याला इंग्रजीची किंवा फ्रेंचची परीक्षा द्यावीच लागते आणि ठराविक पातळी गाठावी लागते. त्याच्या जोडीदारावर अशी सक्ती नाही. त्याने किंवा तिने परीक्षा दिली तर गुण वाढतात, एवढंच. त्यामुळे एकाच विमानातून उतरलेल्या दोघांपैकी एकाने सहा महिने आयईएल्ट्‌सची तयारी केलेली असते, तर दुसऱ्याने शेवटचं इंग्रजी कॉलेजच्या पेपरात लिहिलेलं असतं. माझ्या पाहण्यातल्या मराठी घरांत ही दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा बायकोच होती. नवरा दिवसभर कामावर. शाळा, दवाखाना, विम्याची कागदपत्रं, घरमालकाशी बोलणं हे सगळं जिला इंग्रजीची सवय नाही तिच्याच अंगावर येतं.

पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना १८ ते ५४ वयाच्या प्रत्येकाला ऐकणं आणि बोलणं या दोन्हींत चौथी पातळी दाखवावी लागते. 'पातळी' हा शब्द आता पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आधी तो समजून घेऊ.

एक बाई, चार गुण

कॅनडाने प्रौढांच्या इंग्रजीसाठी एक मोजपट्टी केली आहे. तिचं नाव 'कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क्स', थोडक्यात सीएलबी. पहिली आवृत्ती १९९६ ची. एकूण १२ पातळ्या. पहिली म्हणजे नाव-गाव सांगता येण्याइतपत. चौथी म्हणजे रोजच्या ओळखीच्या प्रसंगांत गरजेपुरतं बोलता आणि समजून घेता येणं. वरच्या पातळ्या ऑफिस, कॉलेज, कोर्टकचेरीच्या.

या मोजपट्टीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चारही गोष्टी ती वेगवेगळ्या मोजते. आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात मराठीत ८० आणि गणितात ३० असले तरी शेवटी एकच टक्केवारी छापली जायची आणि गणितातला खड्डा तिच्यात झाकला जायचा. इथे तसं होत नाही. लिंकमध्ये नाव घालताना ताईंची चाचणी झाली तेव्हा वाचनात सहावी पातळी आली, लिहिण्यात पाचवी, ऐकण्यात आणि बोलण्यात तिसरी.

ज्या ॲपवर त्या दोनशे दिवस होत्या त्याने सुरुवातीला पर्याय निवडायचे प्रश्न विचारून त्यांना वरच्या टप्प्यावर टाकलं होतं. पर्याय निवडणं हे वाचनाचं काम आहे, आणि वाचन त्यांना येतच होतं. दोनशे दिवस त्या येणारीच गोष्ट घोटत राहिल्या. शाबासकीही त्याचीच मिळत राहिली. आपल्याकडे मराठी माध्यमातून पदवीपर्यंत शिकलेल्या पिढीचं इंग्रजी बरंचसं असंच आहे: व्याकरण पक्कं, पत्रलेखन पाठ, आणि कानावर इंग्रजी जवळजवळ नाहीच. अशा माणसाला 'इंग्रजी येतं का?' असं विचारलं तर तो 'हो' आणि 'नाही' या दोन्हींमध्ये अडकतो.

वाचता येतं, मग ऐकलेलं का कळत नाही?

मराठीत आपण शब्दातलं प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग दबले जातात, कधी गडपच होतात. आपण पुस्तकातून 'कम्फर्टेबल' शिकतो, समोरचा 'कम्फ्टबल' म्हणतो. आपण 'वॉट आर यू गोइंग टू डू' अशा सहा शब्दांची वाट पाहतो, कानावर येतं 'वॉट यू गना डू'. शब्द ओळखीचे असतात, पण त्यांचे चेहरे बदललेले असतात.

त्यात फोनवर ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत, मागे दुकानाची पाटी नसते. समोरासमोर जे निम्मं अंदाजाने कळतं, तो अंदाजच फोन काढून घेतो. म्हणून फोन ही अनेकांची शेवटची आणि सगळ्यात उंच पायरी असते.

एक लहानशी गोष्ट सांगते. ताईंच्या आडनावात 'व्ही' आहे. आपला 'व' ओठांनी हलकेच होतो, दात फारसे लागत नाहीत, आणि इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही आपण त्याच एका 'व'मध्ये बसवतो. पलीकडच्या माणसाला तो 'व्ही' वाटतच नाही. मग तो विचारतो, "बी? बी ॲज इन बॉब?" ताईंना वाटायचं, आता हा बॉब कोण! वर्गातल्या बाईंनी कॅमेऱ्याजवळ येऊन वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवले आणि सांगितलं, "व्ही ॲज इन व्हिक्टर म्हणा, कुणी अडवणार नाही." पाच मिनिटांचं काम. पण ताईंना नेमकं हेच हवं आहे हे ओळखणारं कुणी त्याआधी भेटलं नव्हतं.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय?

ॲप आणि शिकण्याचा प्लॅटफॉर्म यांत लोकांची गल्लत होते. ॲप हे छापील वर्कबुकासारखं असतं: सगळ्यांना तेच धडे, तपासणी उत्तरसूचीवरून. प्लॅटफॉर्म हे वर्गाचं ऑनलाइन घर असतं. तंत्रज्ञ त्याला लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. तिथे शिक्षक धडे ठेवतात, विद्यार्थी काम जमा करतात, शिक्षक ते पाहून उत्तर देतात, कोण कुठे अडलंय तेही दिसतं. घर बांधून मिळतं, पण त्यात चूल पेटवायची शिक्षकाने.

लिंकच्या शिक्षकांसाठी असा जो प्लॅटफॉर्म आहे तो 'मूडल'वर उभा आहे. मूडल ही कुणालाही मोफत वापरता येणारी प्रणाली. ती २००२ मध्ये मार्टिन दुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने आणली. त्याचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात गेलं आणि त्याची सुरुवातीची शाळा रेडिओवरून आणि टपालाने भरायची. दूर राहून शिकणाऱ्याला काय लागतं हे त्याने स्वतः अनुभवलं होतं.

या घरात दोन प्रकारचं शिक्षण चालतं. एक थेट तास: ठरलेल्या वेळी सगळे व्हिडिओवर येतात. दुसरा सवडीचा अभ्यास: मुलं झोपल्यावर, रात्री दहाला, आपापला. कॅनडासारख्या देशात याची किंमत मोठी आहे. लहान गावात वर्ग भरवण्याइतके नवागत नसतात, उणे वीस तापमानात दोन बस बदलून केंद्रावर जाणं प्रत्येकीला जमत नाही, आणि रात्रपाळी करणाऱ्याला सकाळचा तास उपयोगाचा नसतो.

मग शिक्षक कशाला? यंत्र तपासेल की

गाणं शिकणाऱ्या घरात रियाज आणि तालीम हे दोन शब्द वेगळे असतात. रियाज घरी, एकट्याने, कितीही वेळा. तालीम गुरूसमोर बसून. रियाजाशिवाय गळा तयार होत नाही, आणि तालीम नसेल तर चुकीचा सूरच घोटून पक्का होतो. प्लॅटफॉर्म रियाजाची उत्तम सोय करतो, तालीम मात्र माणसानेच द्यावी लागते. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आलं, आणि ते ज्या प्रसंगाने मला पटलं तो असा.

लिंकच्या वर्गांत एका मोठ्या परीक्षेवर सगळं ठरत नाही. वर्षभर केलेल्या खऱ्याखुऱ्या कामांची फाइल जमवतात आणि तिच्यावरून पातळी ठरते. एका आठवड्यात ताईंना काम मिळालं: मूल आजारी आहे, आज शाळेत येणार नाही, असा निरोप शाळेच्या यंत्रावर ठेवायचा. आवाज मुद्रित करून प्लॅटफॉर्मवर चढवायचा.

त्या रात्री ताईंनी न्हाणीघराचं दार लावून सहा वेळा निरोप मुद्रित केला आणि सहाही वेळा पुसला. सातवा पाठवला. भरल्या वर्गात त्यांनी पहिला प्रयत्नसुद्धा केला नसता. "ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून बोलू शकले," असं त्या स्वतःच म्हणाल्या. चारचौघांत चुकण्याची लाज वाटते त्या वयातल्या माणसाला पुसून पुन्हा बोलायची मुभा मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! ऑनलाइन शिकण्याच्या बाजूने मला एकच मुद्दा मांडायचा असेल तर मी हाच मांडेन.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकेचं उत्तर आलं, तेही आवाजात. ताई म्हणाल्या होत्या, "माय सन इज हॅविंग फीव्हर." व्याकरण तपासणाऱ्या यंत्राने 'इज हॅविंग'खाली लाल रेघ मारली असती. शिक्षिकेने त्याला हातच लावला नाही. "तापाचं मला लगेच समजलं," त्या म्हणाल्या, "पण मुलाचं नाव आणि वर्ग तुम्ही इतक्या घाईत सांगितलात की मला तीनदा ऐकावं लागलं. नाव म्हणा, थांबा, स्पेलिंग सांगा, थांबा, मग वर्ग." म्हणजे कुठली चूक चालेल आणि कुठल्या चुकीने निरोप वाया जाईल, हे त्यांनी वेगळं करून दिलं. शाळेच्या ऑफिसातल्या माणसाच्या जागी स्वतः बसून ऐकल्याशिवाय हे सांगता येत नाही.

ज्यांना अक्षरच नवं आहे त्यांचं काय?

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि त्यावर गुळगुळीत उत्तर देऊ नये असं मला वाटतं.

नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या चार महिन्यांत कॅनडाने २५,००० हून जास्त सीरियन निर्वासितांना आणलं. नंतर अफगाण कुटुंबं आली. त्यांत असे कितीतरी प्रौढ आहेत ज्यांना स्वतःच्या भाषेतही वाचता-लिहिता येत नाही, कारण त्यांच्या शाळेच्या वयात शाळाच नव्हती किंवा गावावर बॉम्ब पडत होते. अशा बाईला आपण म्हणतो, ईमेल उघडा, पासवर्ड ठेवा, त्यात एक मोठं अक्षर आणि एक आकडा हवा, मग दुव्यावर दाबा. म्हणजे इंग्रजीच्या वर्गात शिरण्यासाठीच इंग्रजी लागतं. कुलपाची किल्ली पेटीच्या आत ठेवावी, तसं.

लिंकमध्ये अशा लोकांसाठी वेगळे साक्षरता वर्ग आहेत आणि ते समोरासमोरच भरले पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पेन्सिल कशी धरायची, ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची, हे शेजारी बसून हात धरूनच शिकवता येतं. कोविडमध्ये २०२० साली सगळं बंद झालं तेव्हा अनेक शिक्षकांनी प्लॅटफॉर्म बाजूला ठेवून व्हॉट्सॲप धरलं, कारण ते बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासून होतं: वहीचा फोटो पाठवायचा, उत्तर आवाजात द्यायचं. त्यांच्या त्या जिद्दीबद्दल मला फार आदर आहे. पण संकटातली ती सोय कायमची व्यवस्था म्हणून या लोकांच्या गळ्यात बांधणं अन्यायाचं होईल.

घरात एकच फोन असणं, खोलीत सासरे टीव्ही पाहत असणं, तासभर मांडीवर मूल असणं, याही अडचणी आहेत. काही केंद्रांवर वर्गासोबत पाळणाघर असतं. घरी बसून शिकणारीला ते मिळत नाही, आणि 'ती घरीच तर आहे' म्हणून तिच्या तासाला घरचे तास मानत नाहीत. ताईंच्या घरी यावर एकच उपाय चालला: फ्रीजवर तासाची वेळ लिहिली आणि तेवढा वेळ दार बंद.

पण या वयात भाषा येते का?

येते. उच्चार लहान मुलांसारखे होत नाहीत, हे खरं. पण शब्द आणि नियम सुरुवातीला प्रौढ माणूस मुलांपेक्षा वेगाने पकडतो, कारण त्याच्याकडे आधीच एक पूर्ण भाषा असते आणि जगाचा अनुभव असतो. 'भाडेकरार' म्हणजे काय हे त्याला समजावावं लागत नाही, फक्त इंग्रजी शब्द द्यावा लागतो.

मुलं बोलतात की, शिवाय भाषांतराचं ॲप आहे

दुकानात, पाटी वाचताना, सरकारी पत्राचा अर्थ लावताना भाषांतराचं ॲप जरूर वापरावं. संभाषणाचा सराव देणारी एआयची साधनंही आता आली आहेत आणि रियाजासाठी ती चांगली आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं. यंत्र थांबून ऐकतं, कंटाळत नाही. दवाखान्याच्या खिडकीमागच्या माणसाच्या मागे सहा जण रांगेत असतात आणि तो "सॉरी?" म्हणून पुढे सरकतो. ते "सॉरी?" ऐकूनही न डगमगण्याची सवय माणसांत बोलूनच होते.

मुलांच्या बाबतीत मात्र मी मुळीच तडजोड करणार नाही. अकरा वर्षांच्या मुलीला आईच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना सांगाव्या लागताना मी पाहिलं आहे. आईने निम्मं सांगितलं नाही, मुलीने उरलेल्यातलं निम्मं सांगितलं, आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर औषध दिलं. अशा वेळी दुभाषा मागावा. अनेक रुग्णालयांत तशी सोय असते. आणि आईला 'दुखतं, इथे, तीन दिवसांपासून' एवढं तरी स्वतःच्या तोंडाने सांगता यावं यासाठी हे सगळे वर्ग आहेत.

सुपर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना काय?

मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो पाहुण्यांचाच व्हिसा आहे, म्हणून लिंकचं दार त्यांना बंद. पाच वर्षं राहणाऱ्या माणसाला भाषेच्या वर्गासाठी पाहुणा मानणं मला पटत नाही, पण नियम तसा आहे. त्यांनी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी. टोरांटोच्या ग्रंथालयांत इंग्रजी संभाषणाचे मोफत गट भरतात. ऑनलाइन सरावाला आठवड्यातून एकदा अशा गटाची जोड मिळाली तर रियाज आणि तालीम दोन्ही झाली. मुलाने रोज दहा मिनिटं 'मी दवाखाना, तू पेशंट' असं खोट्या फोनवर बोलावं, तेही खोलीत समोरासमोर नाही, एकाने जिन्यात जाऊन खऱ्या फोनवरून. ओठ दिसता कामा नयेत.

ताईंच्या धाकट्याला मार्चमध्ये पुन्हा ताप आला. ऑन्टॅरियोतल्या शाळांत नियम असा की मूल आलं नाही आणि घरून निरोप नाही, तर शाळा स्वतः फोन करून खात्री करते. त्या दिवशी ताईंनी सकाळी आठला निरोप ठेवला: नाव, थांबून स्पेलिंग, "व्ही ॲज इन व्हिक्टर", थांबून वर्ग, मग ताप. नंतर फोन ओट्यावर, नजरेसमोर ठेवून पोळ्या लाटत राहिल्या. साडेनऊ वाजले, दहा वाजले. अकराला त्यांनी मला फोन केला. शाळेतून फोन आला नव्हता. निरोप समजला होता.